चाळीस रुपयांनी श्रीमंत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते उत्तम शिक्षक होते हे तुम्ही सगळे जाणता. निवृत्तीनंतर ते दर गुरुवारी वाचनालयाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि लोकांचे सरकारी अर्ज भरून देत, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल. मी त्या काळात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. सर अर्ज भरत, आणि माझ्यासारखे लोक तसले अर्ज तपासत. एका तालुक्याच्या तहसील कार्यालयात मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. शेवटची वर्षे संजय गांधी योजनेच्या शाखेत काढली. आमच्या बोलीत तिला ‘संगांयो’ म्हणतात. तालुक्याचे नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात दोष तालुक्याचा नव्हता.

आजचा माझा विषय एका शब्दाचा आहे. पात्रता. तो शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल त्याला गणती नाही. त्याचा अर्थ मात्र निवृत्त झाल्यावर कळू लागला.

सुरुवात ठाण्यापासून फार लांब करतो. माझी मावसबहीण १९७४ साली नर्स म्हणून विलायतेला गेली, ती तिकडचीच झाली. आता ती लेस्टरजवळ एकटी राहते. तिकडे हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी सरकार म्हाताऱ्या माणसांना पैसे देते. गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना १९९७ साली ही योजना आली. अलीकडच्या हिशेबाने घरामागे वर्षाला २०० पौंड, घरात ऐंशी ओलांडलेले कोणी असेल तर ३००. बहुतेकांना अर्ज करावा लागत नाही, दाखला आणावा लागत नाही. वय झाले की हिवाळ्याच्या तोंडावर पैसे खात्यात येतात.

जुलै २०२४ मध्ये नव्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केले, की इंग्लंड आणि वेल्समध्ये हे पैसे यापुढे ‘पेन्शन क्रेडिट’ किंवा तशीच उत्पन्न पाहून मिळणारी मदत घेणाऱ्या गरीब पेन्शनरांनाच मिळतील. एकट्या माणसासाठी त्या क्रेडिटची उत्पन्नमर्यादा तेव्हा आठवड्याला २१८ पौंडांच्या आसपास होती. एक कोटीच्या वर लोकांना जे मिळत होते, ते पंधरा लाखांच्या आसपास लोकांवर आले. ताईला नर्सच्या नोकरीची छोटीशी पेन्शन आहे. तेवढ्यानेच ती बाहेर फेकली गेली. तिने मला फोन केला आणि म्हणाली, “अरे, आमच्याकडेपण तुझं तहसील आलं!”

मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू राहिले नाही.

तुम्ही म्हणाल, ठाण्यात घर गरम करायचे अनुदान कोण मागणार? आपल्याकडे घर गरम करायला सरकार लागत नाही, एप्रिलमधला पत्रा पुरतो. आपली थंडी म्हणजे जानेवारीतले दोन आठवडे, एक मफलर आणि तलावपाळीवरचा एक जास्तीचा चहा. बरोबर आहे. पण म्हातारपणाची एक थंडी बारमाही असते. रक्तदाबाच्या गोळ्यांचे बिल, विजेचे बिल, गॅसचे सिलिंडर, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर मुलाकडे पैसे कसे मागायचे हा विचार. तिकडचा प्रश्न आणि इकडचा प्रश्न एकच आहे: म्हाताऱ्या माणसाला मदत द्यायची तर ती वय बघून द्यायची, की गरिबी सिद्ध करायला लावून द्यायची?

तीन मुद्दे मांडतो. गरीब कोण, हा पहिला. ते सिद्ध कोणी करायचे, हा दुसरा. आणि चूक झाली तर ती कोणाच्या पदरात टाकायची, हा तिसरा.

गरीब कोण?

साधा प्रश्न वाटतो ना? मग ऐका. पिवळ्या रेशनकार्डासाठी शहरातल्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५ हजारांच्या आत हवे. म्हाताऱ्यांना दरमहा पैसे देणाऱ्या श्रावणबाळ योजनेसाठी २१ हजारांच्या आत. अन्न सुरक्षा कायद्याचे धान्य शहरात हवे असेल तर ५९ हजारांच्या आत. केशरी कार्ड एक लाखापर्यंत. चष्मा, कानाचे यंत्र, काठी, कमरेचा पट्टा यांसाठी एकदाच ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली, तिची मर्यादा दोन लाख. आणि लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख.

एकच म्हातारी, एकच पासबुक. एका खिडकीवर ती गरीब, दुसऱ्या खिडकीवर मध्यम, तिसऱ्या खिडकीवर चक्क श्रीमंत. खिडक्या बदलत जातात, तसे तिचे दैव बदलते.

यातली एक गंमत तुमच्या लक्षात आली का? गंमत कसली, चटकाच आहे. लाडकी बहीण योजनेत वयाची ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत बाईला महिना १,५०० रुपये मिळतात, आणि कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते. पासष्टी ओलांडली की ती त्या योजनेतून बाहेर. मग तिने जायचे कुठे? श्रावणबाळकडे. तिथेही रक्कम तीच, महिना १,५०० रुपये. पण तिथे उत्पन्नाची मर्यादा २१ हजार! म्हणजे काल रात्री ती गरीब होती. आज सकाळी वाढदिवस झाला, नातवाने ओवाळले, आणि सरकारच्या लेखी गरिबीची व्याख्या एका रात्रीत जवळजवळ बारा पटींनी आखडली. वय वाढल्यावर गरज वाढते असे आपण समजतो. कागद समजतो, की वय वाढले म्हणजे ऐपत वाढली.

२१ हजार म्हणजे किती, तेही सांगतो. बाराने भागा. महिना १,७५० रुपये.

आता ठाणे-कल्याण पट्ट्यातला कामगार डोळ्यांसमोर आणा. वागळे इस्टेटमध्ये यंत्रांवर उभा राहिलेला, मोहन्याच्या एनआरसी कारखान्यात पाळ्या केलेला. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली, आणि तिथल्या कामगारांच्या थकीत देण्यांचा विषय पुढे वर्षानुवर्षे चालत राहिला. अशा कामगाराला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन असते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली, म्हणून तिला ईपीएस ९५ म्हणतात. हिशेब सोपा आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. पण तो पगार खरा पगार नसतो. त्याला वरून झाकण घातलेले असते. ऑगस्ट २०१४ पर्यंत ते झाकण साडेसहा हजारांचे होते, त्यानंतर पंधरा हजारांचे. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये केली, आणि पुढे दशक उलटून गेले तरी आकडा तिथेच राहिला. महागाई भत्ता नाही. देशभरचे पेन्शनर साडेसात हजारांची मागणी करत रस्त्यावर बसतात, त्यामागे हे गणित आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळे बोलतोय, तो प्रसंग सांगतो.

नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षे असतील. एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. बंद पडलेल्या कारखान्यातले फिटर. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात दुसरी प्लास्टिकची पिशवी. कागद भिजू नयेत म्हणून म्हातारी माणसे कागदांना असा रेनकोट घालतात, पावसाळा असो वा नसो. त्यांनी पासबुक उघडून पुढे केले. दर महिन्याला जमा: १,७९० रुपये. मी कॅल्क्युलेटर काढला. १,७९० गुणिले १२, झाले २१,४८०. मर्यादा २१ हजार.

मी म्हणालो, “काका, बसत नाही. चारशे ऐंशी जास्त होतात.”

त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. फिटर माणूस, मापात पक्का. म्हणाले, “म्हणजे महिन्याला चाळीस रुपयांनी मी श्रीमंत.”

मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “साहेब, ते चाळीस रुपये पेन्शनमधून कमी करून घेता येतील का?”

तेव्हा श्रावणबाळचे महिना ६०० रुपये मिळत. चाळीस सोडून सहाशे मिळवायचे, हा हिशेब कुठल्याही शहाण्या माणसाला पटेल. मी म्हणालो, “तसं नाही करता येत.” ते बरे म्हणाले, पासबुक आधी आतल्या पिशवीत, मग बाहेरच्या पिशवीत घातले आणि गेले. या गोष्टीतली माझी चूक अजून सांगायची आहे. ती शेवटी सांगेन.

सिद्ध कोणी करायचे?

या सभागृहापासून पाच मिनिटांवर आपले खोपटचे एसटी स्टँड आहे. तिथे जाऊन अर्धा तास बसा. मी बसतो. कोणी म्हाताऱ्या बाई गाडीत चढतात, पिशवीतून आधार कार्ड काढतात, कंडक्टर जन्मसालाकडे नजर टाकतो आणि तिकीट फाडतो. पासष्ट ते पंचाहत्तर अर्धे तिकीट. पंचाहत्तरच्या पुढे पैसेच नाहीत. २६ ऑगस्ट २०२२ पासून ही ‘अमृत’ सवलत सुरू झाली. तो विचारत नाही, “आजी, मुलगा काय करतो? फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? तहसीलदारांचा दाखला कुठाय?” वय बघितले, तिकीट दिले, घंटी मारली. गाडी सुटली.

मला हे पाहताना एक जुना सरकारी माणूस म्हणून आश्चर्य वाटते. इतके सोपे असू शकते?

वयाचा पुरावा माणूस खिशात घेऊन हिंडतो. आता, आमच्या पिढीचे वयही अगदी शुद्ध सोने नाही, हे मान्य. आमच्यातले निम्मे लोक १ जूनला जन्मले आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली, आणि तिथून आमची कुंडली सुरू झाली. तरीही वय एकदाच सिद्ध करावे लागते. ते दरवर्षी संपत नाही. गरिबी मात्र दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागते. उत्पन्नाचा दाखला वर्षभराने शिळा होतो, पोळीसारखा.

दाखला म्हणजे काय ते आत बसलेल्या माणसाकडून ऐका. आधी सेतू केंद्र. मग तलाठ्याचा अहवाल. रेशनकार्ड, आधार, पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा, फोटो, आधारला जोडलेले बँक खाते. स्वयंघोषणापत्र. यातले काहीही एकेकटे कठीण नाही. पण सत्तरीच्या बाईला यातल्या प्रत्येक कागदासाठी कोणाला तरी सोबत न्यावे लागते. सोबतीला येणाऱ्या मुलाचा, सुनेचा, नातीचा एकेक दिवस बुडतो. कागद फुकट असतो हो, दिवस फुकट नसतो.

आणि दाखला कोणाच्या उत्पन्नाचा? कुटुंबाच्या. इथे पुन्हा विलायतेचा एक किस्सा सांगतो. परदेशी जाऊन राहिलेल्या ब्रिटिश पेन्शनरांनाही तो हिवाळी भत्ता मिळत असे. २०१५ मध्ये नियम आला, की ज्या देशाचा हिवाळा नैर्ऋत्य इंग्लंडपेक्षा उबदार, तिथे राहणाऱ्यांना भत्ता बंद. ठीक. स्पेन गेला, पोर्तुगाल गेला. पण फ्रान्सही गेला! कसा? फ्रान्सच्या सरासरी तापमानात त्यांनी फ्रान्सच्या ताब्यातले उष्ण कटिबंधातले दूरचे प्रदेशही धरले. कुठे तरी भर समुद्रात नारळाच्या झाडाखाली ऊन पडले, म्हणून आल्प्सच्या पायथ्याशी कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याची शेकोटी विझली.

आपण हसतो. पण आपला ‘कुटुंबाचे उत्पन्न’ हा रकाना दुसरे काय करतो? मुलाच्या खात्यावर ऊन पडले म्हणून आईच्या अंगावर पडले, असे तो धरून चालतो. मुलगा एका चुलीवर जेवतो, पण आईच्या हातात दहा रुपये ठेवत नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली आहेत. कदाचित आपल्याच मजल्यावर. आणि याच राज्यात २००७ चा एक केंद्रीय कायदा लागू आहे, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. मुलगा बघत नसेल तर आई प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे जाऊन महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मागू शकते. म्हणजे बघा, प्रांत कचेरीत आईने सिद्ध करायचे की मुलगा पैसे देत नाही. आणि तहसील कचेरीत आम्ही धरून चालायचे की तो देतो! दोन्ही कचेऱ्या एकाच महसूल खात्याच्या. काही ठिकाणी तर एकाच आवारात, मध्ये फक्त चहाची टपरी.

सगळे पुरावे झाले की शेवटचा पुरावा उरतो. आपण जिवंत आहोत, हा. नोव्हेंबर महिन्यात बँकांसमोरच्या रांगा तुम्ही पाहता. १० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झाले, अंगठा लावला की हयातीचा दाखला. पुढे चेहरा दाखवूनही होऊ लागले. सोय खरोखर मोठी आहे, मी तिची थट्टा करणार नाही. स्वतःची करतो. पहिल्या वर्षी मी अंगठा लावला, उमटला नाही. खिडकीतली मुलगी म्हणाली, “काका, पुसून लावा.” लावला. “काका, दाबून लावा.” दाबला. आयुष्यभर मी लोकांचे अंगठे घेतले, आणि माझा अंगठा सरकारला ओळखेना. कागद उलटून उलटून झिजला असावा. अखेर चौथ्या बोटाने मला जिवंत ठरवले.

मी सरकारी पेन्शनर. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ शकलो असतो. घरकाम करणारी, भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेली बाई पुन्हा येईल का? दोनदा येईल. तिसऱ्यांदा?

चूक कोणाच्या पदरात?

आता तुमच्यातले जाणकार म्हणतील, हे सगळे भावनेचे झाले. सरकारकडे पैसा मोजका असतो. चाळण लावली नाही तर घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधला निवृत्त अधिकारीही रांगेत उभा राहील. लाडकी बहीण योजनेत आधी स्वयंघोषणेवर पैसे दिले आणि नंतर छाननी केली, तर लाखो नावे थांबवावी लागली. त्यात सरकारी नोकर निघाले, पुरुषसुद्धा निघाले! मग चाळण नको कशी म्हणता?

आक्षेप खरा आहे. मी तो बाजूला सारत नाही. त्या टॉवरमधल्या माणसाऐवजी मलाच घ्या. मला सरकारी पेन्शन आहे, महागाई भत्ता आहे. तरी परवा मी खोपटहून नाशिकला अर्ध्या तिकिटावर गेलो. मला त्या सवलतीची गरज होती का? नव्हती. सरकारचे थोडे पैसे माझ्यावर वाया गेले, हे मी या व्यासपीठावरून कबूल करतो.

पण चाळणीच्या चुका दोन तऱ्हेच्या असतात, आणि आम्ही नोकरीत एकच तऱ्हा शिकलो. एक चूक म्हणजे नको त्याला मिळणे. दुसरी म्हणजे हव्या त्याला न मिळणे. पहिल्या चुकीचा गवगवा होतो. पेपरात येते, विधानसभेत प्रश्न येतो, लेखापरीक्षणात मुद्दा निघतो, कारकुनाला नोटीस निघते. दुसऱ्या चुकीचे काय होते? काही होत नाही. म्हातारी घरी जाते. बस.

माझ्या सगळ्या नोकरीत अपात्राला लाभ दिला म्हणून चौकशी लागलेले सहकारी मी पाहिले. पात्र माणसाला नाकारले म्हणून चौकशी लागलेला एकही पाहिला नाही. मग खिडकीतला माणूस काय शिकेल? नाही म्हणायला शिकेल. नाही म्हणणे त्याच्यासाठी सुरक्षित असते. आम्ही वाईट माणसे नव्हतो हो. आम्ही घाबरलेली माणसे होतो. आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात चाळण दिली, तर तो भोके बुजवत जातो.

विलायतेत काय झाले पाहा. तिथेही चाळण लावली, ती पेन्शन क्रेडिटची. आणि मग उघड झाले, की त्या क्रेडिटला पात्र असूनही न घेणारी सुमारे आठ लाख ऐंशी हजार कुटुंबे सरकारच्याच तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे होती. का घेत नव्हती? काहींना ठाऊक नव्हते. काहींना लाज वाटत होती. आणि काहींनी तो अर्ज पाहिला होता, दोनशेहून अधिक प्रश्नांचा. ताई म्हणाली, “नर्सिंगची परीक्षा सोपी होती रे.”

एक हिवाळा असा गेला. ओरड झाली. जून २०२५ मध्ये सरकारने पाय मागे घेतला. नवा नियम असा केला, की पैसे सगळ्या पेन्शनरांना द्यायचे, आणि ज्याचे वर्षाचे उत्पन्न ३५ हजार पौंडांच्या वर असेल त्याच्याकडून ते करखात्याने परत घ्यायचे. ताईला पुन्हा पैसे येऊ लागले. मला त्यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही. उलटलेली दिशा महत्त्वाची वाटते. आधी म्हातारीने सिद्ध करायचे होते की मी गरीब आहे. आता सरकारने सिद्ध करायचे की अमुक माणूस श्रीमंत आहे. शोधाशोध कोणी करायची? ज्याच्याकडे संगणक आहे त्याने, की ज्याच्याकडे प्लास्टिकची पिशवी आहे त्याने?

आपल्याकडे हे जसेच्या तसे जमणार नाही. आपले बहुसंख्य म्हातारे करखात्याच्या दप्तरात नाहीतच. पण कोणाला वगळायचे, याची माहिती सरकारकडेच आहे की! सरकारी पेन्शनर कोण, हे कोषागाराला ठाऊक. आयकर कोण भरतो, हे आयकर खात्याला ठाऊक. चारचाकी कोणाच्या नावावर, हे आरटीओला ठाऊक. मला वगळायचे असेल तर एक कळ दाबून वगळा, मी तक्रार करणार नाही. पण मला वगळण्यासाठी त्या फिटरकाकांना पाच खिडक्या कशाला फिरवता?

आणि आपल्याकडे वयावर चालणाऱ्या योजना नाहीत असेही नाही. एसटीचे सांगितले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. कोणते रुग्णालय घेते, कोणते टाळते हा वेगळा विषय. त्यावर पुन्हा कधी तरी बोलावा. पण तत्त्व मान्य झाले आहे. पाच लाखांच्या उपचाराला उत्पन्न विचारायचे नाही, आणि महिन्याच्या दीड हजाराला चाळीस रुपये मोजायचे, याला काय म्हणावे?

एक आकडा सांगून हा मुद्दा संपवतो. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्र सरकारचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत महिना २०० रुपये आहे. ऐंशीनंतर ५००. हे आकडे वर्षानुवर्षे जागचे हललेले नाहीत. राज्य वर भर घालते म्हणून ते झाकले जाते. पगाराला आयोग येतात, पेन्शनला भत्ता येतो, आमदारांच्या मानधनाला विधेयक येते. २१ हजारांच्या मर्यादेला आणि दोनशे रुपयांना काय येते? फक्त नवे वर्ष येते.

आवक क्रमांक

आता माझी चूक सांगतो. चाळीस रुपये ही माझी चूक नव्हती, तो नियम होता. माझी चूक ही, की मी त्यांचा अर्ज घेतलाच नाही.

मी तोंडी सांगितले, “बसत नाही.” त्यांनी ऐकले आणि गेले. अर्ज आवक रजिस्टरला चढला नाही. क्रमांक पडला नाही. समितीपुढे गेला नाही. नामंजूर झाला नाही. म्हणजे सरकारच्या दप्तरात ते गृहस्थ कधी आलेच नव्हते! उद्या कोणी मंत्रालयातून विचारले असते, “तुमच्या तालुक्यात मर्यादेच्या काठावरून किती वृद्ध परत गेले?” तर आम्ही खुशाल लिहून पाठवले असते: निरंक. अत्यंत प्रामाणिकपणे लिहिले असते.

असे किती जण तोंडी परत गेले? माझ्या टेबलावरून किती? मी मोजले नाहीत. कोणीच मोजत नाही. चाळीस रुपयांनी, शंभर रुपयांनी, एका कागदाने, एका अंगठ्याने परत गेलेल्यांची कुठेही नोंद नाही, आणि म्हणून ती मर्यादा बदलायची निकडही कुठे नाही. ज्याची नोंद नाही, त्याची ओरड कागदावर कशी येणार?

२०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात, आणि नाकारायची तर कारण लेखी द्यावे लागते. वर अपील आहे. मला आज त्या ‘लेखी’ या शब्दाचे मोल कळते. तोंडी नकार हवेत विरतो, लेखी नकाराला क्रमांक पडतो. क्रमांक पडला की तो मोजता येतो. आणि मोजल्या गेलेल्या माणसाला नाकारणे जरा जड जाते, हे मी आतला माणूस म्हणून खात्रीने सांगतो.

सर व्हरांड्यात का बसत, हे मला आता उमगते. त्यांच्या अर्जांपैकी बरेच मंजूर होत नसत. एकदा मी त्यांना म्हणालोही, “सर, हे बसत नाही हे तुम्हालाही दिसतं. मग पाठवता कशाला?” ते म्हणाले, “तुम्ही नाही म्हणा. पण सही करून म्हणा.” तेव्हा मला तो शिक्षकी हट्ट वाटला होता.

तर मंडळी, खाली तळमजल्यावर कार्यकर्त्यांनी एक टेबल आणि चार खुर्च्या मांडल्या आहेत. मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेले दोघे जण नऊ वाजेपर्यंत तिथे बसणार आहोत, आणि पुढे दर गुरुवारी. श्रावणबाळचा, वय वंदना कार्डाचा, दाखल्याचा, जो अर्ज असेल तो भरून देऊ. तुम्हाला गरज नसेल, तर तुमच्या जिन्याखाली राहणाऱ्या मावशींना घेऊन या. येताना आधार, पासबुक आणि रेशनकार्ड आणा. प्लास्टिकच्या पिशवीतच आणा.

आणि ज्यांचे चाळीस रुपये जास्त होत असतील, त्यांनीही या. अर्ज नाकारला जाईल. पण आपण तो लेखी नाकारून घेऊ.